क्लोनला आपण प्रॉडक्शन नाही हे पटवताना

आमच्या क्लायंटच्या मेनफ्रेमवरच्या झेड व्हीएमवर बराच काळ कुणी सर्व्हिस, म्हणजे आयबीएमच्या दुरुस्त्या, लावली नव्हती, कारण सरळ आहे, सगळं चालत होतं आणि चालणाऱ्या सिस्टीमला हात लावायची हौस कुणाला नसते. क्लायंट अमेरिकेतला, मशीन तिकडं त्यांच्या डेटा सेंटरमध्ये, आणि मी इकडं कोल्हापुरात राजारामपुरीत घरी बसून व्हीपीएननं त्याला जोडलेली, २०२० ला पुण्याहून आले ती परत गेलेच नाही. मशीनवर व्हीएमसाठी एलपार, म्हणजे मशीनचा वेगळा काढलेला हिस्सा, एकच. एसएसआय क्लस्टर, म्हणजे एकमेकांना जोडलेली अनेक झेड व्हीएम, तेही नाही, म्हणजे लिनक्स गेस्ट दुसऱ्या मेंबरवर हलवायचे आणि इकडं निवांत मेंटेनन्स करायचं ही चैन नाही, सीपी, म्हणजे झेड व्हीएमचा गाभा, खाली गेला की त्याच्यावरचे सगळे लिनक्स खाली. विंडो मिळते ती त्यांच्या शनिवारी रात्री, म्हणजे आपल्या रविवारी सकाळी, जेव्हा निम्मं कोल्हापूर मटणाच्या रांगेत उभं असतं.

मग ऑडिट आलं. सिक्युरिटीचे इतके पीटीएफ, म्हणजे सुट्या दुरुस्त्या, पेंडिंग का, हा प्रश्न वरून खाली घरंगळत माझ्यापर्यंत पोचला आणि त्याबरोबर निरोप की पुढच्या विंडोत आरएसयू लावून टाका. आरएसयू म्हणजे आयबीएम वेळोवेळी काढतं तो निवडक दुरुस्त्यांचा गठ्ठा, रेकमेंडेड सर्व्हिस अपग्रेड. मी म्हटलं लावते, पण आधी कुठंतरी लावून बघू द्या. टेस्ट एलपार आहे का? नाही. मिळेल का? नाही, मेमरी नाही, प्रोसेसरचे पैसे नाहीत. ठीक आहे, मग सेकंड लेव्हल, म्हणजे प्रॉडक्शनचा क्लोन करून तो प्रॉडक्शनच्याच पोटात चालवायचा.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. झेड व्हीएम हा हायपरव्हायझर, त्याचा गाभा म्हणजे सीपी, कंट्रोल प्रोग्रॅम, तो एका मशीनची अनेक व्हर्च्युअल मशीन्स करून दाखवतो. आणि त्यातल्याच एका व्हर्च्युअल मशीनमध्ये अख्खं दुसरं झेड व्हीएम बूट करता येतं. वाड्यात पोटभाडेकरू ठेवावा आणि त्यानं परत त्याच्या खोल्यांत आपले भाडेकरू ठेवावेत तसं. हे काही नवं जुगाड नाही, व्हीएमचा जन्मच असा झालाय. आयबीएमनं व्हीएम/३७० जाहीर केलं १९७२ च्या ऑगस्टमध्ये, आणि त्याच्या आधी केंब्रिज सायंटिफिक सेंटरच्या लोकांनी सीपी-६७ मध्ये बदल करून ३७० मशीनचा आभास तयार केला होता, खरं हार्डवेअर हातात यायच्या आधी. आज लोक नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणून मिरवतात ते आमच्या दुनियेत पन्नास वर्षं जुनं आहे, हे सांगायची संधी मी सहसा सोडत नाही.

टीममध्ये एक ज्युनियर पोरगा आहे, सांगलीचा, हुशार आहे पण लिनक्सच्या बाजूनं आलेला. त्याचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता. "ताई, सर्व्हिस कमांड तर प्रॉडक्शन डिस्कला हातच लावत नाही म्हणता, सगळं बिल्ड टेस्ट डिस्कवर होतं, पुट टू प्रॉड केल्यावरच खरं बदलतं. मग क्लोन कशाला पाहिजे?" बरोबर आहे त्याचं. मेंट७३० या मेंटेनन्सच्या युजरवर सर्व्हिस चालवा, रिसीव्ह, अप्लाय, बिल्ड सगळं त्याच्या स्वतःच्या डिस्कवर होतं, दिवसाढवळ्या प्रॉडक्शनवर चालवलं तरी कुणाला कळणार नाही. खूप ठिकाणी असंच करतात. पण मला भीती सर्व्हिसची नव्हतीच, मला भीती होती पुट टू प्रॉडची, त्यानंतरच्या आयपीएलची, म्हणजे परत बूट करण्याची, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आयपीएल फसला तर मागं कसं यायचं याची. त्या तीन गोष्टी प्रॉडक्शनवर करून बघता येत नाहीत. क्लोन त्यासाठी.

पहिलं काम डिस्क. ७.३ चं बेसिक इन्स्टॉल काही अवाढव्य नसतं, रेस व्हॉल्यूम, ज्यावरून बूट होतं, कॉमन व्हॉल्यूम, रिलीज व्हॉल्यूम, एक स्पूल, एक पेज. आमच्याकडं हे सगळे ३३९० या मेनफ्रेम डिस्कच्या मॉडेल ९ चे, प्रत्येकी १०,०१७ सिलिंडर. आता सगळ्यात मोठा धोका इथंच आहे. डिस्क टू डिस्क कॉपी मारली की लेबलही कॉपी होतं, म्हणजे एकाच एलपारला एकाच नावाचे दोन रेस व्हॉल्यूम दिसायला लागतात. आज काही होणार नाही. पण पुढच्या वेळी प्रॉडक्शन आयपीएल होईल तेव्हा सीपी नावानं व्हॉल्यूम शोधत निघेल आणि त्याला आधी कुठला सापडेल यावर सगळा खेळ. सहा महिन्यांनी, तुम्ही क्लोन विसरून गेल्यावर, रात्री अडीचला. लोक यावर दोन उपाय करतात, एकतर क्लोनची लेबलं बदलायची, पण मग डिरेक्टरीतली, म्हणजे युजर आणि त्यांच्या डिस्कच्या यादीतली, प्रत्येक एमडिस्क ओळ, सिस्टम कॉन्फिगमधली, म्हणजे सीपी उठताना वाचतो त्या फाइलमधली, सीपी ओन्ड यादी, सगळीकडं नावं बदलत बसा आणि मग तो क्लोन खऱ्या अर्थानं क्लोन राहतच नाही. नाहीतर त्या डिस्क सिस्टम कॉन्फिगमध्ये आयपीएलला ऑफलाइन म्हणून लिहून ठेवायच्या, जे चालतं पण कुणीतरी एक दिवस ती ओळ काढतो.

आम्ही तिसरा मार्ग घेतला, जो मला मनापासून आवडतो. स्टोरेजवाल्यांकडून दोन मोठे व्हॉल्यूम मागून घेतले, मॉडेल २७, प्रत्येकी ३२,७६० सिलिंडर. त्यांना आपली वेगळी लेबलं दिली सीपीएफएमटीएक्सए या फॉरमॅटच्या टूलनं. आणि क्लोनच्या डिस्क त्यावर मिनिडिस्क म्हणून, म्हणजे मोठ्या डिस्कचे तुकडे म्हणून, कापल्या, पण पहिली शून्य सिलिंडरपासून नाही, एकपासून. शून्य सिलिंडरवर खऱ्या व्हॉल्यूमचं खरं लेबल राहतं, ते वरच्या सीपीला दिसतं. मिनिडिस्कचं जे व्हर्च्युअल शून्य सिलिंडर, म्हणजे प्रत्यक्षातलं एक नंबरचं, तिथं रेस व्हॉल्यूमचं जुनं लेबल जसंच्या तसं येऊन बसतं, ते फक्त आतल्या सिस्टीमला दिसतं. वरच्याला आतलं नाव कळत नाही, आतल्याला वरचं कळत नाही. हिशोबही छान बसतो, १०,०१७ चे तीन म्हणजे ३०,०५१, एका व्हॉल्यूमवर तीन, दोनावर सहा. रेस, कॉमन, रिलीज एकीकडं आणि स्पूल, पेज आणि एक छोटा लिनक्स दुसरीकडं.

दुसरी युक्ती पत्त्यांची. सेकंड लेव्हल मशीनच्या डिरेक्टरी एन्ट्रीमध्ये या मिनिडिस्कना व्हर्च्युअल पत्ते देताना प्रॉडक्शनमध्ये त्या व्हॉल्यूमचे जे खरे डिव्हाइस नंबर आहेत तेच दिले. याचा फायदा असा की बूट करताना जो स्टँडअलोन लोडरचा स्क्रीन येतो, त्यात पीडीव्हॉल म्हणून एक पत्ता लिहिलेला असतो, सिस्टम कॉन्फिग कुठल्या व्हॉल्यूमवर शोधायची तो. तो पत्ता रेस व्हॉल्यूमवरच लिहून ठेवलेला असतो आणि कॉपीबरोबर येतो. पत्ते तेच ठेवले तर काही बदलायला लागत नाही. वेगळे ठेवले तर दर आयपीएलला हातानं पीडीव्हॉल टाइप करत बसा.

कॉपी फ्लॅशकॉपीनं केली, सगळं एकाच स्टोरेज बॉक्समध्ये होतं म्हणून. कमांड देताच परत येते, खरी कॉपी मागं चालू राहते. बॉक्स वेगळा असता तर डीडीआर हे डिस्क कॉपीचं टूल, तो ट्रॅक बाय ट्रॅक घासत बसतो पण बिचारा कधी दगा देत नाही, आणि लेबल वेगळं दिसलं की विचारतोसुद्धा, पुढं जाऊ का, येस, नो की रीरीड. फ्लॅश करायच्या आधी एसएफएस, म्हणजे सामायिक फाइलींचे, सर्व्हर तेवढे थोडा वेळ बंद करून घेतले, कारण फाइल पूलचा डेटा आणि लॉग वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर असले तर दोन क्षणांचे दोन फोटो जुळतीलच असं नाही. क्लायंटच्या लोकांना दहा मिनिटांची परवानगी मागितली, त्यांनी तीन अप्रूव्हल लावली. असो.

स्पूल मात्र कॉपी केलं नाही आणि यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. स्पूल व्हॉल्यूमवर नुसती प्रिंट आणि रीडर फाइल नसतात, सीएमएस, म्हणजे युजर लॉगऑन झाल्यावर ज्यात काम करतो ती छोटी ऑपरेटिंग सिस्टीम, तिचा नेम्ड सेव्ह्ड सिस्टम (एनएसएस) आणि सगळे सेव्ह्ड सेगमेंटही तिथंच असतात. म्हणजे कोरं स्पूल दिलं की आयपीएल सीएमएस म्हटल्यावर सीपी म्हणणार असलं काही नाही. स्पूल कॉपी करून कोल्ड स्टार्ट दिला तर युजरच्या स्पूल फाइल उडतात आणि हे एनएसएस राहतात, ते सोयीचं. पण प्रॉडक्शनचं स्पूल अनेक व्हॉल्यूमवर पसरलेलं, त्यात जुने डंप, वर्षानुवर्षांचे कन्सोल लॉग, ते सगळं क्लोनसाठी ओढायचं म्हणजे आणखी डिस्क. आणि दुसरं, माझ्या डोक्यात होतं की कधीतरी खरंच प्रॉडक्शनचं स्पूल गेलं तर सीएमएस शून्यातून उभं करता येतं का हे टीममधल्या कुणाला तरी हातानं माहीत पाहिजे. म्हणून कोरं स्पूल, क्लीन स्टार्ट.

आता ओळखीचा प्रश्न. माझ्या मते क्लोनिंगमधलं खरं काम हेच आहे, डिस्क कॉपी करणं हे कुणीही करतो. क्लोन उठतो तेव्हा त्याच्याकडं प्रॉडक्शनचं नाव असतं, प्रॉडक्शनचा आयपी, प्रॉडक्शनचे पासवर्ड, प्रॉडक्शनची आपोआप उठणाऱ्या मशीन्सची ऑटोलॉग यादी, आणि तो प्रामाणिकपणे समजतो की मीच तो. त्याला सोडला तर तो टीसीपीआयपी उठवेल, दुसऱ्या सिस्टीमना फाइल पाठवणाऱ्या आरएससीएसच्या लिंक जोडायला जाईल, बॅकअपचे जॉब सुरू करेल.

नाव कसं ठरतं बघा. सिस्टम कॉन्फिगमध्ये सिस्टम आयडेंटिफायरची ओळ असते, त्यात मशीनचं मॉडेल आणि सीपीयूचा सिरियल, आणि पुढं सिस्टीमचं नाव. सेकंड लेव्हलच्या मशीनला वरचा सीपी तोच सिरियल दाखवतो. म्हणजे ओळ जुळते आणि नाव प्रॉडक्शनचं लागतं. यावर उपाय सोपा, डिरेक्टरीत त्या गेस्टला ऑप्शन सीपीयूआयडी देऊन वेगळा नंबर द्यायचा आणि सिस्टम कॉन्फिगमध्ये त्या नंबरपुढं टेस्टचं नाव लिहायचं. आणि एकदा नाव वेगळं झालं की पुढचं बरंच काम फुकटात होतं, कारण सिस्टम कॉन्फिगमध्ये कुठल्याही ओळीआधी सिस्टीमचं नाव आणि कोलन लिहिलं की ती ओळ फक्त त्याच सिस्टीमसाठी लागू होते. म्हणजे एकच फाइल, आत दोन घरं. व्हीस्विचच्या, म्हणजे व्हर्च्युअल नेटवर्क स्विचच्या, ओळी प्रॉडक्शनच्या नावानं, टेस्टला नाहीत. टीसीपीआयपीसुद्धा प्रोफाइल शोधताना आधी नोडच्या नावाची फाइल बघतो, मग साधी प्रोफाइल. टेस्टच्या नावानं एक वेगळी फाइल ठेवली, त्यात खोटा आयपी.

पहिल्या वेळी ही फाइल क्लोनच्या डिस्कवर जाऊन बदलायला लागली. क्लोन बूट व्हायच्या आधी. वरच्या सिस्टीमवरून डिफाइन एमडिस्क देऊन कॉमन व्हॉल्यूममधली पार्म डिस्क उघडायची, फक्त लक्षात ठेवायचं की तिथं सगळं सरकलेलं आहे, डिरेक्टरीत जो आकडा दिसतो त्यात ती मिनिडिस्क मोठ्या व्हॉल्यूमवर जिथं सुरू होते तो सिलिंडर मिळवायचा. आणि सेव्ह केल्यावर सीपीसिंटॅक्स चालवायचं, एक स्वल्पविराम राहिला तरी ते सांगतं. नंतर मी चेंज टाकून हे टेस्टचे क्वालिफायर प्रॉडक्शनच्या खऱ्या फाइलमध्येच कायमचे घालून घेतले. फाइल आयपीएललाच वाचली जाते, प्रॉडक्शनच्या सिरियलला त्या ओळी लागू होत नाहीत, त्यामुळं धोका नाही, आणि आता कधीही फ्लॅश मारला तरी क्लोन स्वतःची ओळख बरोबर घेऊनच उठतो. हे मात्र पहिल्या दिवसापासून करावं असं मी कुणालाही सांगेन.

नेटवर्कचं म्हणाल तर पहिल्यांदा क्लोनला नेटवर्क कार्डच दिलं नाही. डेडिकेट केलेलं काही नाही, एनआयसी नाही, प्रॉडक्शनच्या डिस्कला लिंक नाही. डिरेक्टरी एन्ट्रीत जे नाही त्याच्यापर्यंत गेस्ट पोचूच शकत नाही, यापेक्षा चांगली फायरवॉल मला माहीत नाही. बोलायला स्पेशल ओळीनं दोन तीन ३२७० टर्मिनल दिली, व्हीएमच्या लोगो स्क्रीनवरून डायल केलं की थेट आतल्या सिस्टीमचा लोगो येतो.

पहिला आयपीएल. स्टँडअलोन लोडरचा स्क्रीन, पीएफ१० दाबून लोड, मग स्टार्टचा प्रश्न, तिथं क्लीन नोऑटोलॉग. ते नोऑटोलॉग विसरायचं नाही, त्यानं ऑटोलॉग१ उठतच नाही आणि म्हणून त्याच्या मागची सगळी वरात थांबते. क्लीनला ते परत एकदा विचारतं की सगळं उडणार आहे, गो की स्टॉप. घड्याळ बदलायचं का विचारतं, नाही. आणि मग ऑपरेटर.

पोरगा स्क्रीन शेअरवर बघत होता. तो एकदम म्हणाला, "ताई, हे प्रॉडक्शनच दिसतंय की, सगळे युजर आहेत!" क्लायंटचे सगळे लिनक्स गेस्ट डिरेक्टरीत दिसत होते, दिसणारच, डिरेक्टरी तीच आहे. म्हटलं उजव्या कोपऱ्यात खाली नाव बघ. टेस्टचं नाव होतं. मग क्वेरी युजरआयडी मारून दाखवलं, ऑपरेटर ॲट टेस्ट. त्या गेस्टच्या डिस्क मात्र नाहीत, कुणी उठवायला गेला तरी त्यांना बूट करायला काही सापडणार नाही. तरी त्याचं समाधान होईना, आणि खरं सांगू का, ते चांगलंच आहे, या कामात असल्या संशयी माणसांचीच गरज असते.

कारण लेव्हलचा गोंधळ हा खराच आहे. एका खिडकीत प्रॉडक्शन, दुसऱ्या खिडकीत क्लोन, दोन्ही काळ्यावर हिरवं, दोन्हीत मेंट युजर, आणि क्लोनच्या कन्सोलवर बसून पीए१ दाबलं की तुम्ही क्लोनच्या सीपीत न जाता वरच्या सीपीत पोचता. आता अशात शटडाउन टाइप करायचं. मी ऐकलेल्या मेनफ्रेमच्या भुताच्या गोष्टींतल्या निम्म्या गोष्टी चुकीच्या लेव्हलवरच्या शटडाउनच्या आहेत. आम्ही सिस्टम कॉन्फिगमध्ये व्हॅलिडेट शटडाउन हे फीचर चालू केलं, मग नुसतं शटडाउन चालत नाही, कुठल्या सिस्टीमचं ते नावानिशी लिहावं लागतं, आणि नाव जुळलं नाही तर सीपी नकार देतो. शिवाय क्लोनच्या खिडकीचा रंग इम्युलेटरमध्ये पिवळा केला. दिसायला घाण आहे पण काम करतो.

ऑपरेटर उठला पण सीएमएस नाही, कारण एनएसएस नाही, हे अपेक्षितच. आधी ऑपरेटरवरून रॅकफचं, म्हणजे पासवर्ड तपासणाऱ्या सिक्युरिटीचं, सर्व्हर मशीन हातानं उठवलं, ते नसेल तर बाकीच्यांना लॉगऑनच मिळत नाही. मग मेंटवर लॉगऑन, आयपीएल सीएमएस ऐवजी आयपीएल १९०, म्हणजे थेट डिस्कवरून, आणि तिथून सॅम्पएनएसएस चालवून सीएमएसची व्याख्या, मग परत १९० वरून सेव्हसिस. सेगमेंट व्हीएमएफबिल्डनं. पोराकडून करून घेतलं, मी फक्त तोंडी सांगत होते. क्वेरी एनएसएसमध्ये एकेक नाव दिसायला लागलं तसा त्याचा आवाज बदलत गेला.

आणि आता पावसाची गोष्ट, कारण हे सगळं जुलैत चाललं होतं. ज्यांना कोल्हापूरचा जुलै माहीत आहे त्यांना सांगायला नको, राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटाच्या इशाऱ्याकडं चालली की घराघरात ४३ च्या धोका पातळीची चर्चा सुरू होते, आणि आमच्याकडं त्याच्या आधी लाइट जाते, मग ब्रॉडबँड, मग मोबाइलचा टॉवर. व्हीपीएन तुटलं की ३२७० सेशन तुटतं, सेशन तुटलं की ते व्हर्च्युअल मशीन डिस्कनेक्ट होतं. डिस्कनेक्ट झालेलं मशीन कन्सोलवर उत्तराची वाट बघत अडकलं असेल तर सीपी त्याला काही मिनिटांनी लॉगऑफ करतो, डिफॉल्ट १५ मिनिटं. एरवी याचा कुणाला त्रास नसतो पण इथं ते मशीन म्हणजे अख्खा क्लोन आहे, सर्व्हिस निम्म्यात चालू असताना. म्हणून क्लोन पहिल्यापासूनच एक्सऑटोलॉगनं डिस्कनेक्टेडच चालवला, त्याचं कन्सोल सेट सेकयुजर देऊन दुसऱ्या युजरकडं वळवलं, सेट रन ऑन दिलं, आणि माणसांनी फक्त डायल करून आत यायचं. माझी लाइट गेली तर आतलं माझं डायल सेशन गेलं, क्लोन आपला चालू. आत मेंट७३० डिस्कनेक्ट व्हायचा पण त्याची सर्व्हिस कमांड चालू राहायची. इन्व्हर्टरच्या उजेडात फोनच्या हॉटस्पॉटवरून परत डायल केलं तर बिल्ड पुढं गेलेलं असायचं.

सर्व्हिस स्वतः कंटाळवाणी आहे. आयबीएमच्या साइटवरून ऑर्डर उतरवा, बायनरीत अपलोड करा, डिटर्स करा, म्हणजे उलगडा, सर्व्हलिंक फाइल तयार होते, ती मेंट ५०० वर ठेवून सर्व्हिस ऑल. ते आधी स्वतःलाच, म्हणजे व्हीएमएसईएस या सर्व्हिस लावणाऱ्या टूललाच, अपडेट करतं आणि मग बाकीचे कंपोनंट. व्हीएमएफव्ह्यू सर्व्हिसमध्ये मेसेज वाचा. बस.

पण तिथं दोन गोष्टी सापडल्या आणि त्या दोन्हींसाठी क्लोनचा खर्च वसूल झाला असं मी मीटिंगमध्ये जरा जास्तच वेळा म्हटलं.

एक म्हणजे लोकल मॉड. सीपीच्या एका मॉड्यूलमध्ये कुणीतरी पूर्वी छोटासा बदल केलेला होता, आरएसयूतल्या एका पीटीएफनं त्याच मॉड्यूलला हात लावला, आणि सर्व्हिस थांबली की आधी हा लोकल मॉड नव्या सोर्सवर परत बसवा. कुणाला माहीतच नव्हतं तो तिथं आहे. ज्यानं केला तो माणूस कधीच रिटायर झालेला. बदल काय तर ऑपरेटरच्या एका मेसेजचा मजकूर वेगळा, कारण तेव्हाचं ऑटोमेशन तो मेसेज ओळखायचं. ते ऑटोमेशन आता वापरातच नाही. मॉड काढून टाकला. हेच जर विंडोच्या आठवड्यात प्रॉडक्शनवर कळलं असतं तर हा मॉड महत्त्वाचा आहे की नाही हे ठरवण्यात विंडो गेली असती.

दुसरी वाय डिस्कची, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक १९ई डिस्कची. पुट टू प्रॉड झालं, क्लोन बंद करून उठवला, क्वेरी सीपीलेव्हलमध्ये नवा सर्व्हिस लेव्हल, सगळे खूश. मग युजरनं लॉगऑन केलं की सीएमएस तक्रार करतं, शेअर्ड वाय-स्टॅट नॉट अव्हेलेबल. काम अडत नाही पण प्रत्येक युजर डिस्कची यादी स्वतःच्या मेमरीत वेगळी बांधतो. शोधत गेलो तर क्लायंटच्या जुन्या चेकलिस्टमध्ये शेवटची स्टेप होती, पुट टू प्रॉडनंतर आपले स्वतःचे एक्सेक, म्हणजे स्क्रिप्ट, १९ई डिस्कवर कॉपी करा. १९ई ला हात लागला की आधी सेव्ह केलेल्या सीएमएसमधली यादी खोटी ठरते. म्हणजे कॉपी आधी आणि सीएमएसचं सेव्ह शेवटी, इतकाच फरक, चेकलिस्टमधल्या दोन ओळी वरखाली. प्रॉडक्शनवर आधी हा मेसेज येत होता का विचारलं तर म्हणाले हो, तो येतोच, आम्ही एंटर मारतो.

नवं सीएमएस सेव्ह झाल्यावर जुनं लगेच जात नाही हेही पोरानं क्लोनवरच बघितलं. क्वेरी एनएसएसमध्ये एकच नाव दोनदा, एक क्लास पी, म्हणजे पर्ज पेंडिंग, जोपर्यंत कुणी त्यावर बसलेला आहे तोपर्यंत ते जिवंत. जे युजर परत आयपीएल करत नाहीत ते जुन्याच सीएमएसवर राहतात.

मग माझा आवडता भाग, मागं येणं. पुट टू प्रॉड जुन्या सीपीलोडला, म्हणजे सीपीच्या बूट होणाऱ्या फाइलला, सीपीलोल्ड नाव देऊन ठेवतो, स्टँडअलोन लोडरवर पीएफ९ नं फाइलची यादी काढून तो निवडला की जुना सीपी उठतो. आमच्या बॅकआउट प्लॅनमध्ये एवढंच लिहिलं होतं. क्लोनवर खरंच करून बघितलं, उठला, आणि मग पोराला विचारलं, आता टीसीपीआयपी कुठला आहे? सीएमएस कुठला आहे? ते नवेच. सीपीलोल्डनं फक्त सीपी मागं जातो, सीएमएसची १९० डिस्क, टीसीपीआयपीची ५९१, ५९२, व्हीएमएसईएसची नोंदवही, हे सगळं पुढंच राहतं. म्हणजे बिघाड सीपीत असेल तर हा मार्ग, टीसीपीआयपीत असेल तर याचा काही उपयोग नाही. म्हणून प्लॅन बदलला, पुट टू प्रॉडच्या आधी रेस, कॉमन आणि रिलीज तिन्ही व्हॉल्यूमचा फ्लॅश घ्यायचा आणि पूर्ण मागं यायचं तर तिन्ही एकत्र परत फिरवायचे, एकटा दुकटा नाही. हेही क्लोनवर करून बघितलं. लिनक्स गेस्ट, म्हणजे तिसऱ्या लेव्हलवरचा, शेवटी उठवून बघितला, तो इतका सावकाश उठला की मी मधल्या वेळात भात लावून आले, पण उठला. त्याच्या वेगावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका, क्लोनवर परफॉर्मन्स मोजायचा नसतो.

प्रॉडक्शनच्या विंडोबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चेकलिस्ट वाचत गेलो, पोरगा टाइप करत होता आणि मी वाचत होते, शटडाउनला नाव विचारलं तेव्हा त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. मेसेज जिथं अपेक्षित होते तिथंच आले. मटण मात्र त्या रविवारी दीरांनी आणलं.

सिक्युरिटीवाल्यांची एक अट बाकी होती. क्लोनमध्ये रॅकफचा डेटाबेस म्हणजे प्रॉडक्शनच्या सगळ्यांचे पासवर्ड, एन्क्रिप्टेड असले तरी, दुसऱ्या जागी पडून होते, त्यामुळं काम झाल्यावर त्या डिस्क पुसून पुरावा द्यायचा. आपली एक सिलिंडरची सोडलेली जागा आणि लेबल तेवढं ठेवून बाकी सगळे मिनिडिस्क सीपीएफएमटीएक्सएनं फॉरमॅट केले, कन्सोल लॉग तिकिटाला जोडला. डिरेक्टरी एन्ट्री आणि सिस्टम कॉन्फिगमधल्या टेस्टच्या ओळी तशाच आहेत. पुढच्या आरएसयूचा फ्लॅश पोरगा मारणार आहे, एसएफएस बंद करायच्या तीन अप्रूव्हलसह.